एन१ चे शब्द इंग्रजी अर्थावरून पाठ करावेत का?

प्रश्न असा आहे. मुलगा डिचोलीचा, जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन२ पातळी पास, येत्या डिसेंबरात सगळ्यात वरची एन१ द्यायची आहे. मोबाईलवर दहा हजार शब्दांचं तयार डेक, म्हणजे पाठांतराच्या कार्डांचा संच, पुढे जपानी शब्द, मागे इंग्रजी अर्थ, रोज नेमाने करतो आणि ॲपच्या हिशेबाने बहुतेक शब्द त्याला येतात. पण मॉक टेस्टला शब्दांच्याच भागात मार्क जातात आणि निबंध लिहून दिला की सेन्सेइ (शिक्षक) अर्धे शब्द खोडून परत देतात, वर म्हणतात "अर्थ बरोबर आहे पण असं कोणी म्हणत नाही." बरोबरची मुलं सांगतात इंग्रजी आजच बंद कर, जपानी-जपानी डिक्शनरीच वापर. ती उघडली तर एका शब्दापायी आणखी पाच शोधावे लागतात आणि रात्र तिथेच संपते. "ताई, नक्की काय करू?"

मी फोंड्याला असते, जपानी शिकवते आणि त्याहून जास्त वेळ ट्रान्सलेशन करते, मशीनची मॅन्युअलं, ऑडिटचे रिपोर्ट, मीटिंगची मिनिट्स असलं सगळं. एन२ झालं की हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकालाच पडतो म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

आधी थेट उत्तर. इंग्रजी बंद करू नकोस, पण सगळ्या शब्दांना एकच नियम लावू नकोस. काही शब्दांना इंग्रजी अर्थ पूर्ण पुरतो, काहींना अर्धवट पुरतो, आणि काहींच्या बाबतीत तो चक्क आडवा येतो. आडवा येतो तिथे लगेच जपानी-जपानीवर उडी मारायची गरज नाही, मधे तुझ्याकडे मराठी आहे, घरची कोकणी आहे, आणि या दोन भाषा जपानीच्या बऱ्याच कोपऱ्यांत इंग्रजीपेक्षा जास्त कामाला येतात. हे आपल्या मुलांना कोणी सांगतच नाही कारण सगळी पुस्तकं, सगळी ॲप इंग्रजीतून असतात आणि आपण धरून चालतो की जपानीकडे जायचा रस्ता इंग्रजीतूनच जातो.

पुरतो कुठे ते आधी बघू, ते सोपं आहे. 'तेत्सुगाकु' म्हणजे फिलॉसॉफी. इथे इंग्रजी अर्थ चपखल बसतो, आणि बसणारच, कारण हा शब्द निशी आमाने या विद्वानाने १९ व्या शतकात फिलॉसॉफी या शब्दासाठीच घडवला. मेइजी काळात (१८६८ ते १९१२) पाश्चात्त्य विद्या जपानीत आणताना असे कितीतरी शब्द तयार झाले किंवा जुन्या शब्दांना नवीन अर्थ चिकटवला गेला, 'शाकाइ' म्हणजे समाज, 'गाइनेन' म्हणजे संकल्पना, 'क्याक्कान' म्हणजे वस्तुनिष्ठ बाजू. आपल्याकडेही त्याच सुमाराला तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र वगैरे शब्द असेच रुळले. या शब्दांच्या मुळाशीच युरोपातली कल्पना आहे, त्यामुळे इंग्रजी कार्ड करून मोकळं व्हायचं. तांत्रिक शब्दांचंही तेच, 'गेन्का शोक्याकु' म्हणजे डेप्रिसिएशन, 'शिन्तोआत्सु' म्हणजे ऑस्मॉटिक प्रेशर, यात अजून खोल जाण्यासारखं काही नाही, एका ओळीत पाठ कर आणि पुढे जा. तुझ्या डेकमधले असे शब्द तसेच राहू देत.

आता जिथे मार्क जातात तिथे येऊ. डेक उघड आणि 'कन्सिडरेशन' हा अर्थ कुठे कुठे आलाय ते शोध. 'केन्तो', 'कोर्यो', 'हाइर्यो', 'कोसात्सु', चारही शब्दांमागे तो सापडेल. तू चारही कार्डं बरोबर ओळखतोस, ॲप तुला हिरवी खूण देतं, पण तुला चार शब्द येत नाहीत, एका इंग्रजी शब्दाची चार स्पेलिंग येतात म्हण ना. तेच मराठीत लिहून बघ. 'केन्तो' म्हणजे एखादा प्रस्ताव सगळ्या बाजूंनी पडताळून बघणं. 'कोर्यो' म्हणजे एखादी गोष्ट विचारात घेणं. 'हाइर्यो' म्हणजे समोरच्याला त्रास होऊ नये म्हणून भान ठेवणं, त्याची काळजी घेणं. 'कोसात्सु' म्हणजे माहिती समोर ठेवून केलेली मीमांसा, लॅब रिपोर्टच्या शेवटी जो भाग येतो तो. मराठीत चार वेगळी वाक्यं झाली, आणि ही वेगळी झाली म्हणूनच वापरताना चुकणार नाहीत.

एन१ मध्ये शब्दांच्या भागात चार प्रकारचे प्रश्न असतात, कांजीचं (चिनी लिपीतून आलेल्या चिन्हांचं) वाचन, वाक्यात बसणारा शब्द, समानार्थी, आणि शेवटी 'योहो' म्हणजे वापर. या योहोत एक शब्द देतात आणि त्याच शब्दाची चार वाक्यं, त्यातलं योग्य एकच. प्रश्न साधारण सहाच असतात पण तिथे इंग्रजी पाठांतरवाले सगळ्यात जास्त अडकतात, कारण चारही वाक्यांचं इंग्रजी भाषांतर बरोबरच वाटतं. समज शब्द आहे हाइर्यो आणि एक वाक्य आहे 'तेन्को नि हाइर्यो शिते शुप्पात्सु ओ किमेता', हवामानाचा विचार करून निघायचं ठरवलं. इंग्रजीत अगदी बरोबर आहे, जपानीत चूक, कारण हवामानाला तुझ्या वागण्याने वाईट वाटत नाही, तिथे कोर्यो पाहिजे. दुसरं वाक्य 'मावारि नो हितो नि हाइर्यो शिते चीसाइ कोए दे हानाशिता', आजूबाजूच्या लोकांचं भान ठेवून हळू बोललो, हे बरोबर. मग पर्यावरण? 'कान्क्यो नि हाइर्यो शिता सेइहिन' चालतं, सगळीकडे दिसतं, कारण पर्यावरण जपायचं असतं, त्याला इजा होऊ शकते. एकदा "काळजी घेण्यासारखं आहे का" हा प्रश्न हातात आला की हवामान आणि पर्यावरण यातला फरक कोणी न शिकवता कळतो. इंग्रजी अर्थाने तो कधीच कळणार नाही.

केन्तोबद्दल एक अजून सांगते कारण नोकरीत लागेल. मीटिंगच्या शेवटी जपानी माणूस 'माएमुकि नि केन्तो शिमासु' म्हणतो, शब्दशः सकारात्मक विचार करू. इंग्रजी अर्थ घेऊन आपली माणसं खूश होतात, ऑर्डर आली समजतात. प्रत्यक्षात हा बऱ्याचदा नम्र नकार असतो, निदान होकार तरी नक्कीच नसतो. हे कुठल्याही अर्थाच्या रकान्यात मावत नाही, हे वाक्य कुठे आणि कोणाच्या तोंडून येतं ते बघितल्यावरच समजतं.

दुसरी गोष्ट, आणि मला ही सगळ्यात महत्त्वाची वाटते. पॉल नेशन हे शब्दसंग्रहावर काम केलेले मोठे अभ्यासक, त्यांचं म्हणणं आहे की नवीन शब्द आणि अर्थ यांची पहिली गाठ मारायला मातृभाषेतला अर्थ सगळ्यात जलद पडतो. लोक हे वाचतात आणि म्हणतात बघा, ट्रान्सलेशन चालतं. चालतंच, पण मातृभाषेतलं! आपली मातृभाषा इंग्रजी आहे का? तू घरी कोकणी बोललास, शाळा चौथीपर्यंत मराठीतून, पाचवीपासून इंग्रजी. आता एन१ च्या डेकमध्ये 'सातोसु' समोर लिहिलंय ॲडमॉनिश, 'इमाशिमेरु' समोरही ॲडमॉनिश, 'तोगामेरु' समोर रिब्यूक, 'सेमेरु' समोर रिप्रोच. मला सांग, ॲडमॉनिश आणि रिब्यूक यातला फरक तुला झोपेतून उठवून विचारला तर सांगशील? मग धूसर कळलेल्या शब्दाच्या आधाराने अजून एक नवीन शब्द कसा पक्का होणार.

तेच मराठीत घे. सातोसु, वडीलकीच्या नात्याने समजावून सांगणं, समजूत घालणं, शिक्षक मुलाला करतात ते. इमाशिमेरु, बजावणं, पुन्हा असं करू नको म्हणून ताकीद देणं, आणि हे माणूस स्वतःलाही करतो. तोगामेरु, चुकीबद्दल जाब विचारणं, आणि गंमत बघ, 'की गा तोगामेरु' म्हणजे मनाला टोचणी लागणं, आपलंच मन आपल्याला जाब विचारतं. सेमेरु, बोल लावणं, दूषण देणं. शिकारु, रागावणं, ओरडणं. पाच शब्द, पाच वेगवेगळे आवाज कानात येतात, आई ओरडते तो वेगळा, मास्तर समजावतात तो वेगळा. मी वर्गात हे फळ्यावर लिहिते तेव्हा मुलांना पाठ करायची वेळच येत नाही.

कोकणी शब्द सुचला तर कोकणी लिही, अजिबात संकोच नको. 'उन्झारि' समोर डेक म्हणतं बोअरिंग, टीडियस, फेड अप. मराठीत वीट येणं, आणि आपल्या कोकणीत नुसतं "पुरो जालें". तेच तेच ऐकून कंटाळा येतो, नको नको होतं, तो उन्झारि. कार्ड तुझं आहे, दुसऱ्या कोणाला दाखवायचं नाहीये.

आता तिसरा भाग, ज्यात मराठी-कोकणी माणसाला मला वाटतं सगळ्यात मोठा फायदा आहे आणि तो आपण फुकट घालवतो, ते म्हणजे जोडशब्द, ध्वनीचे आणि स्पर्शाचे शब्द. जपानीत हे शेकड्यांनी आहेत आणि इंग्रजी इथे अगदी हतबल होते. 'बेताबेता', 'नेबानेबा', 'नुरुनुरु', तिन्हींना इंग्रजीत स्टिकी किंवा स्लाइमी. मे महिन्यात घामाने शर्ट अंगाला चिकटतो ती चिकचिक म्हणजे बेताबेता. भेंडी चिरताना सुरीला तार सुटते तो चिकटपणा नेबानेबा, जपानी लोक भेंडीला हाच शब्द वापरतात, नात्तोला, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनला पण. आणि पावसात शेवाळ धरलेल्या पायरीवरून पाय सटकतो तो बुळबुळीतपणा नुरुनुरु. 'झाराझारा' म्हणजे खरखरीत, 'त्सुरुत्सुरु' म्हणजे गुळगुळीत, 'जिमेजिमे' म्हणजे तो जुलैतला दमट कुबटपणा ज्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते. दुखण्याचे शब्द घे, 'झुकिझुकि' ठणका, ठसठसणं, 'हिरिहिरि' चुरचुरणं, 'चिकुचिकु' टोचणं. डॉक्टरला दुखणं सांगताना आपण मराठीत जसे शब्द वापरतो तसेच जपानी माणूस वापरतो, मधे थ्रॉबिंग आणि स्मार्टिंग आणायचं कारणच काय?

जुळत नाही तिथे मात्र ओढूनताणून जुळवू नकोस. 'शितोशितो' म्हणजे आवाज न करता हळुवार पडत राहणारा पाऊस, आपल्या रिपरिपच्या जवळ आहे पण रिपरिप म्हटलं की वैताग येतो, शितोशितोत तो वैताग नाही, उलट जरा शांतपणा आहे. असा फरक कार्डावर अर्ध्या ओळीत लिहून ठेवायचा. लिहिताना जो विचार होतो ना, तोच डोक्यात राहतो.

याच जातीचे पण अवघड म्हणजे मनाच्या अवस्थेचे शब्द. 'शिमिजिमि', 'त्सुकुझुकु', 'हिशिहिशि', आणि कांजीवाला 'त्सूकान', चौघांनाही डेक म्हणेल कीनली. शिमिजिमि म्हणजे भावना हळूहळू आत झिरपत जाते, जुने फोटो बघताना होतं तसं. त्सुकुझुकु म्हणजे सगळा विचार करून झाल्यावर मनापासून वाटणं, आणि बऱ्याचदा ते "आता खरंच नको झालं" असं असतं. हिशिहिशि बाहेरून अंगावर येतं, थंडी, जबाबदारी, एकटेपणा. त्सूकान म्हणजे स्वतःची उणीव प्रकर्षाने जाणवणं. हे चार शब्द एकत्र एका वहीच्या पानावर लिही, वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळी कार्डं म्हणून येऊ देऊ नकोस, कारण यांचा अर्थ एकमेकांशेजारी ठेवल्यावरच उघडतो.

हे इंग्रजी अर्थाचं दुखणं काही ॲपवाल्यांचा दोष नाही. बहुतेक फुकट ॲपच्या मागे एकच डेटा आहे, ऑस्ट्रेलियात मोनॅश विद्यापीठातल्या जिम ब्रीन यांनी १९९१ साली सुरू केलेला डिक्शनरी प्रकल्प, आणि तो फार मोठं आणि निःस्वार्थ काम आहे, मी रोज वापरते. पण तो वाचताना अडलेल्या माणसाने पटकन बघण्यासाठी आहे. एका शब्दासमोर सहा इंग्रजी शब्द असतात, वाचणाऱ्याने समोरच्या वाक्यावरून त्यातला एक उचलायचा असतो. आपण काय करतो, वाक्य काढून टाकतो आणि सहापैकी पहिला शब्द पाठ करतो.

आपण गोव्यात बसून हे बोलतोय म्हणून एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी. युरोपच्या भाषेतून जपानी शिकण्याचा उद्योग एका अर्थी इथूनच सुरू झाला. १५४८ मध्ये आंजिरो नावाचा जपानी माणूस गोव्यात आला, सेंट पॉल कॉलेजात शिकला, इथेच ख्रिस्ती झाला आणि पोर्तुगीज शिकला. त्याला सोबत घेऊन फ्रान्सिस झेवियर, आपला गोंयचो सायब, १५४९ मध्ये कागोशिमाला उतरला. धर्म सांगायचा तर देवाला जपानीत काय म्हणायचं? आंजिरोने शब्द सुचवला दाइनिचि. झेवियर लोकांना सांगत फिरला दाइनिचिची भक्ती करा, आणि लोकांनी आनंदाने ऐकून घेतलं, कारण दाइनिचि म्हणजे शिंगोन बौद्ध पंथातलं महावैरोचन बुद्धाचं रूप, त्यांना वाटलं हा भारतातून आलेला कोणी बौद्ध साधूच आहे. लक्षात आल्यावर झेवियरने तो शब्द टाकला आणि सरळ 'देउसु' हा लॅटिन-पोर्तुगीज शब्दच वापरायला लागला.

पुढे झेवियरच्याच जेझुइट संघाच्या धर्मप्रसारकांनी नागासाकीला १६०३ मध्ये जपानी-पोर्तुगीज कोश छापला, १६०४ मध्ये पुरवणी, सगळे मिळून सुमारे ३२,००० शब्द. आणि त्यात नुसता पोर्तुगीज अर्थ देऊन ते थांबले नाहीत. शब्द क्योतोकडचा की क्यूशूकडचा, बायकांच्या बोलण्यातला, कवितेतला की बौद्ध ग्रंथातला अशा खुणा केल्या, कशाबरोबर वापरतात त्याची उदाहरणं दिली. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या जपानी बोलीसाठी जपानी अभ्यासकसुद्धा आज हा कोश उघडतात. दुसऱ्या भाषेतून अर्थ देणं वाईट असतं तर असं झालं नसतं. अर्थाबरोबर वापर दिला की परकी भाषासुद्धा उत्तम काम करते, म्हणून मी तुला इंग्रजी फेकून दे म्हणत नाही.

आता वापर आणायचा कुठून. एक उदाहरण अगदी जवळून बघू, आपल्याच घरचं. गोव्याचा पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणाचा जो जायकाचा (जपान सरकारच्या मदत संस्थेचा) प्रकल्प, ज्याच्या कर्जाचा करार २००७ साली झाला, त्याचं जपानी नाव आहे 'गोआ-शू जोगेसुइदो सेइबि जिग्यो'. इंग्रजी नाव आहे गोवा वॉटर सप्लाय अँड सुअरेज प्रोजेक्ट. गोआ-शू म्हणजे गोवा राज्य, जोगेसुइदो म्हणजे पाणीपुरवठा आणि सांडपाणी दोन्ही, जिग्यो म्हणजे प्रकल्प. मग 'सेइबि' कुठे गेला? इंग्रजीत तो गायबच झालाय. डेकमध्ये सेइबि समोर मेंटेनन्स लिहिलेलं असेल, आणि तू वाक्य वाचशील पाइपलाइनची देखभाल म्हणून, जे साफ चूक. गाडीची सेइबि म्हणजे सर्व्हिसिंग. कायद्याची सेइबि म्हणजे नसलेले कायदे करणं, अर्धवट असलेले नीट करणं. रस्त्यांची सेइबि म्हणजे रस्ते बांधणं आणि सुधारणं. डेटाची सेइबि म्हणजे विस्कळीत माहिती वापरण्याजोगी लावून ठेवणं. सगळ्यांत एक समान धागा आहे, जे लागणार आहे ते नीट वापरता येईल अशा स्थितीत आणून ठेवणं, मग ते नव्याने बांधून असो की दुरुस्त करून. मराठीत एक शब्द नाही, 'घडी बसवणं' जवळ जातं. पण चार वापर एका कार्डावर लिहिलेस की सेइबि आयुष्यात विसरणार नाहीस, आणि सरकारी किंवा कंपनीचं कुठलंही जपानी कागद उचललंस तरी पहिल्या पानावर भेटेल.

जायकाच्या साइटवर अशा प्रकल्पांचे कागद जपानी आणि इंग्रजी दोन्हीत मिळतात, ते दोन्ही समोरासमोर ठेवून वाच. विषय ओळखीचा, गावांची नावं ओळखीची, त्यामुळे शब्दाकडे लक्ष देता येतं. एन१ च्या वाचनातले जड शब्द याच भाषेत असतात.

दुसरं साधन, जपानच्या राष्ट्रीय भाषा संस्थेचं शोनागोन. दहा कोटींहून जास्त शब्दांचा लिखाणाचा साठा, पुस्तकं, वर्तमानपत्रं, सरकारी अहवाल सगळं, आणि नेटवर फुकट शोधता येतो. 'फुमाएरु' घे. इंग्रजीत टू बी बेस्ड ऑन. तू लिहितोस ही फिल्म खऱ्या घटनेवर आधारित आहे आणि फुमाएरु टाकतोस, सेन्सेइ खोडतात. शोनागोनमध्ये शोध, शब्दाच्या आधी काय येतं नुसतं डावीकडे बघत जा. परिस्थिती, निकाल, मतं, अनुभव, हे फुमाएते, आणि पुढे नेहमी काहीतरी ठरवलेलं किंवा केलेलं असतं. मूळ शब्द फुमु म्हणजे पाय ठेवणं. आधीच्या गोष्टीवर घट्ट पाय ठेवून पुढचं पाऊल टाकणं, मराठीत "हे लक्षात घेऊन". कार्डाच्या पुढच्या बाजूला पूर्ण वाक्य लिही, 'च्योसा केक्का ओ फुमाएते केइकाकु ओ मिनाओसु', मागे लिही, पाहणीचे निष्कर्ष लक्षात घेऊन आराखडा पुन्हा तपासणं, खाली बारीक अक्षरात आधी येणारे शब्द, आणि अगदी कोपऱ्यात इंग्रजी अर्थ हवा तर. अर्थातच कांजीत लिही, इथे मी कानाला कळावं म्हणून देवनागरीत लिहितेय.

जपानी-जपानी डिक्शनरीचं काय? वापरायची, पण सगळ्या शब्दांना नाही आणि मोठी नाही. कोजिएनचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं म्हणून मुलं तीच उघडतात, तिच्यात सगळ्यात जुना अर्थ आधी येतो, शिकणाऱ्याचा गोंधळ उडतो. दाइजिरिनमध्ये आत्ताचा अर्थ आधी असतो, आणि दाइजिसेन कोतोबांक या साइटवर फुकट दिसते. सुरुवातीला तर शाळकरी मुलांसाठीच्या जपानी डिक्शनऱ्या घे, व्याख्या सोप्या, वाक्यं छोटी, एन२ वाल्याला अडत नाही. आणि एक मर्यादा घालून घे, व्याख्येतला एक अनोळखी शब्द शोधायचा, त्याच्या व्याख्येतला पुन्हा शोधायचा नाही, तिथे सरळ इंग्रजी बघायचं. रात्र वाया जाते ती इथेच जाते.

'तेकितो' किंवा 'बिम्यो' सारख्या शब्दांना मात्र जपानी डिक्शनरी हवीच. तेकितो म्हणजे सुयोग्य असं तुझं कार्ड म्हणतं, परीक्षेच्या पेपरात "योग्य पर्याय निवडा" मध्ये तसंच आहे. पण कोणी तुझ्या कामाला तेकितो म्हणालं तर तू ते कसंबसं उरकलंस असा अर्थ. बिम्यो म्हणजे सूक्ष्म, नाजूक, आणि जेवण कसं आहे विचारल्यावर कोणी बिम्यो म्हणालं तर त्याला आवडलेलं नाही.

काताकानाचे, म्हणजे परभाषेतून घेतलेल्या शब्दांच्या लिपीत लिहिलेले शब्द पटकन सांगते, तिथे इंग्रजी येणं हाच धोका आहे. 'कुरेमु' म्हणजे ग्राहकाची तक्रार, 'मान्शोन' म्हणजे फ्लॅट, 'नाइबु' म्हणजे हळव्या मनाचा, 'सुमातो' बऱ्याचदा सडपातळ. वेगळं पान कर, थोडेच आहेत.

आणि संस्कृतातून चीनमार्गे गेलेले शब्द आपल्याला आयते मिळतात. 'सेत्सुना' म्हणजे क्षण, 'नाराकु' म्हणजे नरक, 'झान्माइ' म्हणजे समाधी. दोकुशो-झान्माइ, म्हणजे वाचनात समाधी लागणं, आपण मराठीत अगदी असंच म्हणतो की! फक्त जपानीत चैनीलाही लावतात, झेइताकु-झान्माइ, नुसती ऐषारामात लोळण. इंग्रजी कार्डावर याला ॲब्झॉर्ब्ड इन लिहितात आणि सगळा रंग उडून जातो.

डिसेंबरपर्यंत करायचं काय. २०१० मध्ये परीक्षा बदलल्यापासून शब्दांची अधिकृत यादी प्रसिद्धच होत नाही, त्यामुळे तुझं दहा हजारांचं डेक कोणाच्या तरी अंदाजाने बनलंय, ते पूर्ण करायचं दडपण घेऊ नकोस. एकूण १८० पैकी १०० लागतात आणि प्रत्येक भागात ६० पैकी किमान १९. नवीन कार्डं आजपासून निम्मी कर. उरलेल्या वेळात आधीच "येणारी" कार्डं चाळ, एकच इंग्रजी अर्थ दोन-तीन ठिकाणी दिसला की ते शब्द बाहेर काढ, एका पानावर शेजारी शेजारी लिही, प्रत्येकाला शोनागोनमधलं एक वाक्य आणि तुझ्या भाषेतली एक ओळ. क्रियापदं आणि क्रियाविशेषणं आधी, नामं शेवटी. निबंधात सेन्सेइंनी खोडलेले शब्द सगळ्यात आधी, कारण ते तुझे स्वतःचे खड्डे आहेत, कुठल्याच डेकमध्ये मिळणार नाहीत. पुण्याला परीक्षेला जाशील तेव्हा प्रवासात ही पानंच घेऊन जा, डेक नको.

पहिली चार-पाच पानं झाली की फोटो काढून पाठव, मराठी ओळी कुठे निसटतायत ते बघून सांगते.